कांडी कुठली भरलीस?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हा माझा धंदा. मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनचा कॅन बांधलेला असतो, त्यात वळूच्या वीर्याच्या बारीक कांड्या असतात आणि कोणाची गाय माजावर आली की मला फोन येतो. जायचं, कांडी कोमट पाण्यात वितळवायची, नळीत चढवायची, खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा घालायचा आणि गाय भरायची. लग्नाच्या आधीपासून हेच करतोय. माझ्या हाताला यश आहे असं कासा, कोसबाड, उधवा, सगळीकडे बोललं जायचं. "परेशभाईचा हात लागला की गाय उलटत नाय." उलटणं म्हणजे गाभण न राहता परत माजावर येणं.

हे आधी सांगितलं, कारण माझ्या आजाराची सगळी थट्टा याच्यातच आहे. मला मूल होत नव्हतं. 'आम्हाला' म्हणायची पद्धत आहे, पण इथे 'मला' हेच खरं.

ज्याला हे वाचून लाज वाटेल त्याने वाचू नये. गुजरातेत वापीच्या ज्या वंध्यत्वाच्या सेंटरला आम्ही जायचो, तिथे बायकोच्या शेजारी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेले पुरुष मी पाहिलेत. बायका आपसात बोलतात, एकमेकींच्या पिशव्या सांभाळतात. पुरुष स्वतःच्या चपलांकडे बघतात. त्यांच्यासाठी लिहितोय. त्यांना कोणी काही सांगत नाही, आणि जे सांगतात ते धीर द्यायला म्हणून खोटं सांगतात. मी धीर देणार नाही.

आधी तिची तपासणी

माझी बायको रोहिणी तलासरीकडच्या आश्रमशाळेत शिकवते. लग्नानंतर काही वर्षं गेली तेव्हा तपासण्या सुरू झाल्या, आणि त्या सगळ्या तिच्या. रक्त तिचं, सोनोग्राफी तिची. नळ्या उघड्या आहेत का बघायला आत औषध सोडून फोटो काढतात, तोही तिचा. त्या दिवशी ती डहाणूच्या दवाखान्यातून बाहेर आली ती भिंत धरून. मी रिक्षा आणली. घरी आईने विचारलं, "काय सापडलं का तिच्यात?" काही सापडलं नव्हतं. म्हणून आईने नवस वाढवला.

आमच्या महालक्ष्मीची गोष्ट इकडे सगळ्यांना माहीत आहे. एक गरोदर बाई दर्शनाला गड चढताना थकून पडली, म्हणून देवी तिच्यासाठी गडाखाली उतरली असं सांगतात. आई दर यात्रेला रोहिणीला ही गोष्ट नव्याने सांगायची. एकदा रोहिणी परतताना मला म्हणाली, "आधी गरोदर व्हावं लागतं हो. मग देवी उतरते." तेव्हा मी हसलो होतो.

वापीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिच्या फाईलवरून नजर वर केली आणि विचारलं, "आणि भाईची तपास?" माझी तपासणी झालेली नाही, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. हातात डबी दिली आणि एक खोली दाखवली. खोलीत एक सोफा, एक टीव्ही, वॉशबेसिनवर कोणीतरी चिकटवलेला गणपती. गणपतीवर आधी रुमाल टाकला. वळूचं वीर्य काढायला किती माणसं लागतात, काय काय नाटक करावं लागतं ते मी ट्रेनिंगमध्ये पाहिलंय. मला वळूचा हेवा वाटला.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. बाकीच्या नवऱ्यांना समजावून सांगावं लागतं, मला हे वाचता येतं. संख्या कमी. हलणारे त्याहून कमी. बरोबर आकाराचे जवळजवळ नाहीतच.

"आमच्याकडे असा वळू बाद करतात," मी म्हणालो.

डॉक्टर हसले. रोहिणी हसली नाही. लॅब सांभाळणारी हेतलबेन तिथेच उभी होती, तिने मान हलवली. "भाई, इथे बाद नाय करत. इथे शोधतात. एक सारो मळे, तो बस." एक चांगला मिळाला तरी पुरे.

परतीच्या बसमध्ये अच्छाड नाक्याला ट्रकांची रांग होती. रोहिणी खिडकीतून बघत म्हणाली, "म्हणजे माझ्यात कधीच काही नव्हतं."

"घरी नको सांगू," मी म्हणालो.

ती परत खिडकीबाहेर बघू लागली. मी ते होकार समजलो.

पहिला फेरा

बीजं वाढावीत म्हणून पोटात घ्यायची इंजेक्शनं मीच द्यायचो, सुईचा हात माझा बरा आहे. "गाईला मारता तसं मारू नका," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली. नंतर म्हणायची बंद झाली, नुसता पदर बाजूला करून भिंतीकडे तोंड करायची. तिचं पोट निळं-काळं झालं होतं. शाळेत उभं राहून शिकवायची, घरी आली की आई तिला ताटावर बसवून वांझेने काय खाऊ नये ते सांगायची. आईच्या मनात वाईट नव्हतं असं लिहायची रीत आहे. मला खात्री नाही.

एकदा आईने मला एकट्याला गाठून विचारलं, "तू गाईंना ती कालवडच होईल अशी कांडी आणतोस ना? तसं पोरगाच होईल असं तिथे काय मिळतं का?" सेंटरच्या भिंतीवर त्या गुन्ह्याची पाटी लावलेली आहे, हे मी तिला सांगितलं. "पाटी काय, पाटी तर सगळीकडे असते," ती म्हणाली.

रोहिणीची बीजं काढली. चांगली होती, हेतलबेन खूश होती. माझ्यातले बरे दिसणारे निवडून एकेका बीजात एकेक सुईने सोडला. बीजं फळलीही. मग रोज एक-एक गर्भ वाढायचा थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा आम्ही तिच्या केबिनमध्ये होतो.

"दिसायला चांगला होता," हेतलबेन म्हणाली. "आतून तुटलेला. बाहेरून समजत नाय, भाई. आतमधली दोरीच तुटलेली असते. बीज बिचारं जोडायला बघतं, पण किती जोडणार?"

रोहिणीने विचारलं, "बीज माझं होतं ना? चांगलं होतं ना?"

"एकदम फर्स्ट क्लास."

त्या उत्तराने ती रडली. मला वाटतं, बीज नापास ठरलं असतं तरी तेवढी रडली नसती.

ओटी

थोड्याच दिवसांत चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण आलं. रोहिणीची चुलतजाऊच ती. जाऊ नको म्हटलं तरी रोहिणी गेली, कारण न जाणाऱ्या बाईबद्दल काय बोलतात ते तिला माहीत होतं. पोट अजून सुजलेलं होतं, साडी सैल नेसली होती. आम्ही पुरुष पडवीत जेवत होतो. आत बायका एकीमागून एक ओटी भरत होत्या. रोहिणीने खण-नारळ हातात घेतला आणि काकीने, चुलतभावाच्या आईने, तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "तू राहू दे गं. तुझं मन मोठं आहे, माहीत आहे मला. पण पहिलटकरीण आहे ती."

रोहिणीचा आवाज शाळेतला आहे, मागच्या बाकापर्यंत जाणारा. पडवीत आम्हा सगळ्यांना शब्दन् शब्द ऐकू आला.

"काकी, माझ्यात दोष नाही. माझी बीजं चांगली आहेत. ह्यांचं सीमेन खराब आहे. विचारा, बाहेरच बसलेत."

सीमेन हा शब्द आमच्याकडे घराघरात समजतो. मीच तो समजावलाय. गेली कित्येक वर्षं दारोदारी उभा राहून, चांगलं सीमेन कुठलं, खराब कुठलं, हे मीच सांगत आलोय.   माझ्या हातात खिरीची वाटी होती. मी ती संपवली, हात धुतला आणि गाडी काढली. रोहिणी शेअर रिक्षाने आली.

त्या संध्याकाळी मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलले का?"

फोन

फोन कमी होऊ लागले. आधी वाटलं, माजाचा हंगाम संपला असेल. मग उधव्याच्या लाडककडे गेलो. लाडक हा माझा सगळ्यात जुना शेतकरी, त्याच्या गोठ्यात मी भरलेल्या गाईंच्या मुलींच्या मुली आहेत. गाय दावणीला ओरडत होती, शेपटी बाजूला करून उभी होती, माजावर आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी मोजा चढवायला घेतला.

"डॉक्टर, राहू द्या," लाडक म्हणाला. "गाय भरायला काशाचा माणूस येतोय."

"का रे?"

"राग नका मानू. घरची बाई ऐकत नाय. ती बोलते, त्यांचं सोताचंच लागत नाय तर त्यांच्या हातानं आपली गाय कशी लागल?"

"कांडी वळूची असते रे लाडक! माझी नसते!"

"ते मला कळतं. तिला कोण सांगल?" तो गाईकडे बघत म्हणाला. त्यालाही कळत नव्हतं.

काशाच्या बाजारात तर मी लोकांची करमणूकच झालो. "डॉक्टर, कॅनमध्ये तुमच्यासाठी पण एखादी असेल की!" "विलायती घ्या डॉक्टर, पोर गोरं होईल!" चहावाला मला कप देताना हसू आवरायचा. कोणाचंही नाव घेऊन भांडता येत नव्हतं, कारण सगळे हसत होते. आणि थट्टा चांगली होती, हेच वाईट होतं. दुसऱ्या कोणावर असती तर मीही टाळी दिली असती.

आमची चिकूची वाडी आणि चार म्हशी बाबा बघतात. जनावराची पारख बाबांइतकी मी कोणाची पाहिली नाही. खूर बघून सांगतील, किती दूध देईल. माणसांशी ते तेवढंही बोलत नाहीत. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली त्या दिवशी ते म्हैस धूत होते. मी पाण्याची बादली आणून ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेडा असता तर बाजारात काढला असता."

मी बादली परत भरून आणली. दुसरं काय करणार होतो?

गाईला विचारता का?

वापीच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, दात्याचं वीर्य. दाता कोण ते कधी कळत नाही, आपल्याशी मिळताजुळता रंग, बांधा, रक्तगट बघून देतात. दुसरा, परत माझंच, पण या वेळी अंडकोषात सुई घालून थेट तिथून काढायचं. तिथले कमी तुटलेले असतात म्हणे. त्यातून हेतलबेन शोधणार. मिळालं तर मिळालं.

"दात्याचं चालेल," रोहिणी लगेच म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, घरी बोलून घ्या. घरी बोललो. बोललो कसलं!

"मला मूल पाहिजे," ती म्हणाली. "कोणाचं ते मला नाही पडलेलं. मीच पोटात वाढवणार, मीच पाजणार."

"मला पडलंय."

"तुम्ही तर दिवसभर हेच करता. कुठल्या गाईला कुठला बाप, तुम्हीच ठरवता. फोटो दाखवून ठरवता. गाईला विचारता का कधी?"

"तू गाय आहेस का?"

"मग काय आहे? सुया मला. औषधं मला. माझा माज मशीनवर मोजतात. भूल देऊन मलाच आडवी करतात. गाईला निदान घरचे वांझ म्हणून ताटावर बसवून ऐकवत नाहीत, दुसरीकडे विकून टाकतात."

मी हरलो, वादात. पण हो म्हणालो नाही. दोन तालुक्यांतल्या वासरांचे बाप मी ठरवले. माझ्या पोराचा बाप दुसरा कोणीतरी, मला न दिसणारा, एका यादीतून उचललेला असावा, हे मला सहन होत नव्हतं. सगळ्यांची तोंडं बंद करायची होती. लाडकच्या बायकोचं, काकीचं, चहावाल्याचं, बाबांचं. माझ्याच रक्ताचं मूल त्यांच्यासमोर नेऊन उभं करायचं होतं. हे चूक होतं का, असं वाचणारा विचारेल. मी त्याची माफी मागितलेली नाही. रोहिणीकडेही नाही.

तिने शेवटी एक फेरा कबूल केला. "एकच. आणि या वेळी सुई तुम्हालाही आहे, तेवढ्यासाठीच हो म्हणतेय." हे ती गंमत म्हणून म्हणाली नव्हती.

सुई

ज्या टेबलावर बायकांना झोपवतात त्याच टेबलावर मला झोपवलं, पाय तसेच वर बांधून. सिस्टरने मधे हिरवं कापड धरलं, तेवढीच लाज. भुलीचं इंजेक्शन तिथेच देतात. ते कसं वाटतं ते लिहीत नाही. ज्याच्यावर वेळ येईल त्याला कळेल, आणि आधी कळून उपयोग नाही. नंतर दुखत नाही, ओढ लागते, पोटातून काहीतरी कोणी खेचून घेतंय अशी.  डॉक्टर विचारत होते, "ठीक छे? ठीक छे?" मी ठीक छे म्हणत होतो. बाजूच्या खोलीत रोहिणी भुलीत होती, तिची बीजं काढत होते.

लॅबमध्ये कोणाला येऊ देत नाहीत. पण काचेच्या खिडकीतून समोरचा पडदा दिसतो. हेतलबेनने मला खुर्ची तिथे सरकवून दिली. "तुम्ही लाइनीतले माणूस. बघा."

वळूच्या थेंबाचं मी बघितलेलं आहे. त्यात एवढी गर्दी असते की एकेकटा दिसतच नाही, सगळा थेंब उकळत असतो. हा थेंब रिकामा होता. मेलेल्या पेशी, कचरा, वाकड्या मानेचे, दोन डोक्यांचे. सगळे माझे. हेतलबेन सुईच्या टोकाने बाजूला सारत होती. आत स्पीकर होता, तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. "ना. आ पण ना. आनुं गळुं जाडुं छे." याची मान जाड आहे. वासरांच्या बाजारात बाबा असंच पुटपुटत चालतात.

बराच वेळ गेला. मला बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. मग तिने सुई थांबवली. एक होता, शेपटी जेमतेम हलवत होता, जागच्या जागी. "आ जुओ, हा बघा," ती म्हणाली. मला तो काही खास दिसला नाही. मी तो निवडला नसता.

तिने सुई त्याच्या शेपटीवर दाबली. शेपटी मोडली, तो थांबला. मी काचेवर हात आपटला.

ती वळून म्हणाली, "असंच करतात, भाई. शेपटी मोडूनच आत सोडतात. नायतर तो आत गोंधळ करेल." एवढे सगळे नापास झाल्यावर पास झालेल्या एकाचीही शेपटी मोडतात, हे मला धंद्यात इतकी वर्षं काढूनही माहीत नव्हतं. तसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले. पण सापडले.

पाणी

मग रोहिणीचं पोट फुगलं. औषधं जास्त लागू पडली की असं होतं, पोटात पाणी भरतं. तिला श्वास घेता येईना, झोपता येईना, लघवी होईना. परत वापीलाच दाखल केलं. उशा रचून बसवलं होतं. तयार झालेले गर्भ गोठवून ठेवले, ही बाई आधी जगू दे, असं डॉक्टर म्हणाले.

तिथे सकाळी सिस्टर येऊन तिच्या पोटाभोवती टेप लावायची, मग वजन, मग नळीतून किती उतरलं ते बघायचं. दिवसभर मला काही काम नसायचं. पाणी किती प्यायली तेवढं सांगायचं. बाजूच्या खाटेवरच्या बाईचा नवरा रोज मला विचारायचा, "तुमचं काय, नळ्यांचं का?" मी हो म्हणायचो.

एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. तिला दोन शब्दांत दम लागायचा. "मी मेले तर दुसरी करा," ती म्हणाली. "पण तिला आधी सांगा."

"असं बोलू नको."

"आधी सांगा."

"सांगेन," मी म्हणालो. तिला तेवढं ऐकायचं होतं. झाडू मारणारी उंबरगावची मावशी हे ऐकत होती. ती गेली आणि वाटीतून बर्फाचे खडे घेऊन आली, रोहिणीच्या तोंडात एकेक ठेवत बसली. मला म्हणाली, "तू जा रे, चाय पिऊन ये. तुझं तोंड बघून तिला काय बरं वाटणार?" त्या सगळ्या काळात माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. मी खाली जाऊन चहा प्यायलो, आणि चांगला लागला.

पाणी उतरलं. ती बरी झाली. पुढे गर्भ ठेवला, आणि तो राहिला.

माझीच

दिवस गेल्याची बातमी मी दडवली नाही. मुद्दाम काशाच्या बाजारात गेलो. पेढे नेले.

"अरे वा डॉक्टर!" चहावाला ओरडला. "कांडी कुठली भरलीस?"

"माझीच," मी म्हणालो.

सगळे इतके हसले की एकाच्या बशीतला चहा सांडला. त्यांना वाटलं, डॉक्टर आता स्वतःवर विनोद करायला शिकला, चांगलं झालं. दोघांनी पाठीवर थाप मारली. मी परत म्हणालो, "अरे खरंच माझी." ते परत हसले.

आणि गाई भरायचे फोन पुन्हा सुरू झाले. लाडकचा पहिला. "घरची बोलते, डॉक्टरचा हात परत चालला." मी त्याला विचारलं, आता कसं काय? तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "दुसऱ्याचं का असेना, तुमच्या घरात लागलं ना? तुमचा धंदाच तो." लाडकचं गणित चोख होतं. मला ते खोडता आलं नाही.

रोहिणी सगळ्यांना सांगायची. शाळेत, माहेरी, काकीला. "ह्यांचंच आहे हो." ओटीच्या दिवशी ती रागात एक वाक्य बोलली होती आणि सगळ्या तालुक्याने ते झटकन मानलं होतं. आता ती रोज सांगत होती आणि कोणी मानत नव्हतं. उलट तिचं कौतुक होऊ लागलं. "किती समजूतदार. नवऱ्याची लाज झाकते." काकी तर डोळे पुसायची.

सेंटरच्या बाकड्यावर चपलांकडे बघत बसलेल्या माणसा, तुला मूल हवं असेल तर बस, थांब, सुई घे, शोधणारे आहेत. पण लोकांना दाखवायला हवं असेल तर गाडी वापीच्या अलीकडे भिलाडवरूनच परत फिरव. लोक ठरवून मोकळे झालेले असतात. एका मित्राने सुचवलं, डीएनएची तपासणी करून टाक, रिपोर्ट फ्रेम करून लाव. मी विचार केलाही होता.

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी पडवी माणसांनी भरली होती. प्रत्येक जण वाकून पोरीचं तोंड बघायचा, मग एक क्षण माझं, आणि मग म्हणायचा, "छान आहे." आईने तिचं नाक, कान, पायाची बोटं सगळं तपासलं आणि काही ठरेना म्हणून तीट लावली.

बाबा गोठ्यातून हात धुऊन आले. त्यांनी तिला उचललं. दोन्ही हातांवर आडवी धरून वजन घेतल्यासारखी हलवली, डोळे बघितले, मूठ उघडून बघितली. पडवीतले सगळे पुढे सरकले, कारण बाबांची पारख सगळ्यांना माहीत आहे.

"चांगली आहे," बाबा म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोणाची का असेना, आता आमची आहे. कोणी काय बोलायचं नाय."

रोहिणी ताडकन उठली. तिचं तोंड उघडलं होतं, तो शाळेतला आवाज आता येणार होता. मीही बोलणारच होतो, कधीपासून तयार होतो. तेवढ्यात बाबांनी पोरीला डाव्या हातावर घेतलं आणि उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"मोठं मन लागतं याला," ते हळूच म्हणाले. "माझ्याच्यानं नसतं झालं."

बाबांनी कधी माझ्या पाठीवर हात ठेवल्याचं मला आठवत नाही. हात ओला होता, शेणाचा वास येत होता. तो त्यांनी काढून घेतला नाही. मी रोहिणीकडे बघितलं आणि मान हलवून तिला नको म्हटलं.